भेंड आणि पंख

लोणारच्या शिवारात आमचे बालपण ज्वारीच्या धांड्यांशी खेळण्यात गेले. धांडे सोलायचे, आतल्या पांढऱ्या भेंडात सालीच्या काड्या खोचायच्या आणि बैलगाडी करायची. सोललेला भेंड बोटाने दबतो, सुटी साल कशीही वाकते. पण दोन्ही एकत्र असले की तेच धांडे वाऱ्यात ताठ उभे राहते.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. तेव्हापासून माझ्या भाच्याला घरी बांधलेल्या विमानांचे वेड लागले. एकदा तो म्हणाला, “मामू, काही विमानांचे पंख आतून फोमचे असतात म्हणे. फोमवर माणूस कसा उडेल?” मी म्हटले, “बेटा, धांडे सोलून बघ.”

अमेरिकेत बर्ट रुटान यांचे ‘व्हेरीईझी’ विमान १९७५ मध्ये उडाले. त्याच्या पंखात आत फोमचा गाभा आणि वर इपॉक्सीत भिजवलेले फायबरग्लासचे कापड होते. उडताना पंख वर वाकतो, तेव्हा वरची साल दाबली जाते आणि खालची ताणली जाते. मुख्य भार या साली पेलतात. फोम त्यांना ठरल्या अंतरावर धरतो, सुरकुती पडू देत नाही.

पण फोम निवडावा लागतो. आपला पांढरा थर्माकोल दाण्यादाण्यांचा असतो. पंखासाठी सलग, बंद पेशींचा पॉलिस्टायरिन घेतात. त्याचे वजन घनमीटरला सुमारे ३२ किलो, तेवढ्याच पाण्याचे हजार किलो! मात्र पेट्रोलने तो विरघळतो, म्हणून टाकीजवळ दुसरा फोम लागतो. भाच्याच्या थर्माकोलच्या खेळण्यातल्या विमानाला मी हौसेने थिनर घातलेला रंग दिला, तर पंखच विरघळला. पोराचा चेहरा अजून आठवतो.

पॉलिस्टायरिन तापलेल्या तारेने कापतात, थर्माकोलचे मखर कापत तसाच. युरेथेन फोमला मात्र तार लावायची नाही, विषारी वायू निघतो. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे साचे ठोकतात. त्यांवर आकडे असतात. दोघे तार धरतात, एकजण आकडे म्हणतो आणि दोघांनी एकाच वेळी त्या आकड्यावर पोचायचे. घाई केली तर तार मधे मागे रेंगाळते आणि आकार बिघडतो.

कापड चढले की गाभा कायमचा झाकला जातो. साल कुठे सुटली असेल तर डोळ्यांना दिसेलच असे नाही. म्हणून जाणकार नाण्याने पंख वाजवून बघतात. नीट चिकटलेली जागा खणखणीत वाजते, सुटलेली बद्द. बाजारात मडके घेताना आपली आई हेच करायची. कवितेत मात्रा चुकली तर फार तर मैफल हसते. इथे पंखाच्या भरवशावर माणूस बसलेला असतो. म्हणून भाच्याला सांगितले, “कान तयार ठेव, आणि बद्द वाजले तर पुन्हा बांध.”