सरकीतलं पेटंट

मृगाच्या आधी लातूर, औशाकडच्या घरांत ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडलेले दिसतात. सत्तरच्या वर कोंब आले की बियाणं पेरायला चालतं. सोयाबीनचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे घरच्या बियाण्यातही वाण टिकतो आणि कंपनीचा धंदा तिथं फारसा जमत नाही.

संकरित कपाशीचं तसं नाही. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८४ मध्ये ‘नांदेड-४४’ बाहेर पडला, बीएन-१ आणि एसी-७३८ यांचा संकर. पावसानं ताण दिला तरी पुन्हा उभारी धरणारा. नव्वदच्या दशकात कोरडवाहू रानात त्याचाच बोलबाला. मात्र त्याची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली, तर एक झाड एका गुणाचं, दुसरं दुसऱ्याच. म्हणजे दरवर्षी पाकीट विकत घेणं आलंच. कायद्याला काही करावं लागलं नाही, आनुवंशिकतेनंच कुलूप घातलेलं.

२००२ मध्ये बीटी आलं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जीवाणू. त्याचं जनुक कपाशीत घातलं की झाड एक प्रथिन तयार करतं. बोंडअळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतं, आतड्याला छिद्रं पडतात आणि अळी मरते. परवानगी मिळाली जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या तीन वाणांना, जनुक मोन्सँटो कंपनीचं. गंमत म्हणजे ‘बोलगार्ड’ नावाच्या या पहिल्या बीटीवर मोन्सँटोचं भारतात पेटंटच नव्हतं! तरी बियाणे कंपन्या परवाना घेऊन शुल्क भरत होत्या, कारण जनुक असलेलं मूळ बी आणि चाचण्यांची फाईल दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पेटंट मिळालं ते दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ ला. अर्ज १९९९ चा, मंजुरी २००८ ची.

पेटंटची कमाई इथं दिसते. बी एकानं पिकवायचं, दुसऱ्यानं विकायचं आणि जनुकाच्या मालकानं ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे १६३ रुपये घ्यायचे. संशोधनावर ओतलेला पैसा वसूल कसा करायचा, हा मोन्सँटोचा प्रश्न बिनबुडाचा नव्हता. पण केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ही रक्कम ४९ वर आणली आणि २०२० मध्ये शून्यावर. मधल्या काळात नुजिवीडू सीड्स या बियाणे कंपनीबरोबरचा मोन्सँटोचा वाद कोर्टात गेला. आपल्या कायद्याच्या कलम ३(जे) प्रमाणे झाडं आणि बियाण्यांना पेटंट मिळत नाही. मग बियाण्यातल्या जनुकाचं काय? दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पेटंट रद्द ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तो निकाल बाजूला ठेवून खटला परत पाठवला.

या सगळ्यात नांदेड-४४ मागं पडला. परभणीच्या कृषी विद्यापीठानं महाबीज या सरकारी बियाणे महामंडळाच्या साथीनं त्यात बीटी जनुक आणलं खरं, पण तोवर बाजार दुसऱ्यांच्या पाकिटांनी भरला होता. सरकारी पैशावर घडलेल्या चांगल्या वाणाची ही उपेक्षा मला पेटंटच्या वादापेक्षाही जास्त खटकते.

बोलगार्ड-२ च्या पेटंटची वीस वर्षं २०१९ मध्ये भरली. गुलाबी बोंडअळी तेवढं थांबली नाही. २०१७ च्या खरिपातच तिनं विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं आतून पोखरली आणि कित्येकांनी उभ्या कपाशीत रोटाव्हेटर फिरवला.