नव्या संगणकास बिनतारी जोडणी न मिळाल्यास काय करावे?

विहिरीस पाणी आहे, पंप चालू आहे, आणि तरीही शेवटच्या वाफ्यास पाणी पोहोचत नाही, असा अनुभव प्रत्येक बागायतदारास केव्हा ना केव्हा आलेला असतो. अशा वेळी जाणता शेतकरी पंप उखडून तालुक्यास नेत नाही. तो खांद्यावर फावडे टाकतो आणि पाटाच्या कडेने चालू लागतो. पाणी कोठवर येते व कोठून पुढे जात नाही, एवढे दिसले की दोष हाती लागतो. गावच्या कचेरीत नवा संगणक मांडताना बिनतारी जोडणी मिळाली नाही, तर हीच रीत उपयोगी पडते.

ही रीत सोडल्यास काय होते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. जुलै २०२२ च्या अखेरीस खरीप पीक विम्याचे अर्ज भरण्यास दोन-तीन दिवसच उरले असता, आमच्या क्षेत्रातील एका शेतकरी गटाने नवा संगणक आणला. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर सातबारा, बँकेचे पासबुक आणि पेरणीचे घोषणापत्र चढविणे वृद्ध खातेदारांस जड जात असे. ती अडचण दूर व्हावी, हा त्यामागील हेतू. सकाळपासून पडवीत खातेदार कागद घेऊन बसले होते. परंतु संगणकाच्या पडद्यावर राउटरचे नावच उमटेना. पडवीतील तरुणांच्या मोबाइलवर मात्र ते दिसत होते. यंत्रच सदोष आहे, असे सर्वांनी ठरविले. एकाने राउटरचा परवलीचा शब्द बदलला. दुसऱ्याने तर राउटरमधील सर्व मांडणीच पुसून टाकली. परिणामी जे मोबाइल चालत होते, तेही बंद पडले.

दुपारी आम्ही पोहोचलो, तेव्हा संगणक पुन्हा खोक्यात भरला जात होता. चौकशी करता असे आढळले की, चोरीच्या भयाने राउटर लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला होता आणि संगणक जाड दगडी भिंतीपलीकडील खोलीत मांडला होता. पुसलेली मांडणी सेवा पुरविणाऱ्याकडून दूरध्वनीवर विचारून पुन्हा भरण्यात दोन तास गेले. राउटर कपाटाबाहेर काढून उंच फळीवर ठेवल्यावर मात्र पाच मिनिटांत जोडणी मिळाली. अर्ज भरले गेले, हे खरे. पण तोवर दूरच्या वस्तीवरील कित्येक माणसे दिवसाची मजुरी बुडवून परत गेली होती.

पाटाचे तीन भाग

गावापर्यंत इंटरनेट प्रकाशवाहक तंतूने किंवा मोबाइल मनोऱ्यावरून येते. ही झाली विहीर. राउटर ते घेऊन रेडिओ लहरींच्या रूपाने सभोवार पसरवितो. हा झाला पाट. संगणकातील वायफायचा भाग त्या लहरी ग्रहण करतो. हा झाला वाफा. दोष या तिन्हींपैकी कोठे आहे, हे प्रथम ठरवावे. त्याकरिता दोन सोप्या कसोट्या आहेत.

पहिली कसोटी अशी. मोबाइलमधील स्वतःचा डेटा बंद करावा, तो संगणकाजवळ न्यावा आणि राउटरच्या वायफायवर जोडून एखादे पान उघडावे. डेटा चालू राहिल्यास पान त्याच मार्गाने उघडते व कसोटी फसते. दुसरी कसोटी याच्या उलट आहे. मोबाइलचा डेटा पुन्हा चालू करून त्याचा हॉटस्पॉट सुरू करावा व संगणक त्यास जोडून पाहावा. मोबाइल राउटरवर चालत नसेल, पण संगणक हॉटस्पॉटवर चालत असेल, तर संगणक निर्दोष आहे. मोबाइल राउटरवर चालतो, पण संगणक कोणत्याच जोडणीवर चालत नाही, असे झाल्यास दोष संगणकात शोधावा.

राउटरकडील दोष

राउटरवरील दिवे पाहावेत. तंतूच्या जोडणीत ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला असेल, तर प्रकाश राउटरपर्यंत येत नाही, असे समजावे. तंतू तुटलेला, दुमडलेला किंवा खोबणीतून निसटलेला असतो. अशा वेळी संगणकाशी झटापट करणे व्यर्थ होय; सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. दिवे नेहमीप्रमाणे असतील, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा व दोन-तीन मिनिटे थांबावे.

राउटरची जागाही महत्त्वाची आहे. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, पाण्याची टाकी व जाड दगडी बांधकाम यांमुळे लहरी अडतात किंवा क्षीण होतात. बहुतेक राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिल्या पट्ट्याच्या लहरी दूरवर व भिंतीपलीकडे अधिक पोहोचतात. दुसऱ्याचा वेग अधिक, पण भिंतीपुढे त्यांची शक्ती लवकर सरते. संगणक दुसऱ्या खोलीत असल्यास पहिला पट्टा निवडावा.

संगणकाकडील दोष

राउटरचे नावच दिसत नसेल, तर प्रथम संगणकात वायफायचा भाग आहे की नाही, हे पाहावे. लॅपटॉपमध्ये तो असतो. मेजावरील अनेक संगणकांत नसतो, त्यांस यूएसबीमध्ये बसणारा वायफाय डोंगल लावावा लागतो. भाग असल्यास विमानाच्या चिन्हाची कळ चुकून दाबली गेली आहे काय, ते तपासावे. कधी कधी त्या भागास चालविणारी ड्रायव्हर ही आज्ञावली नव्या संगणकात भरलेली नसते. ती आणण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ती हवी, असा पेच पडतो. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती तर आरंभीच्या मांडणीतच इंटरनेट मागते. अशा वेळी राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची तार जोडावी, अथवा मोबाइल यूएसबीच्या तारेने जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे.

नाव दिसते, पण प्रवेश मिळत नाही, असे झाल्यास परवलीचा शब्द पुन्हा सावकाश भरावा. त्यात लहान व मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानली जातात. कळफलक मराठीवर राहिला असेल, तर शब्द चुकतो आणि टिंबांमुळे ती चूक दिसत नाही. म्हणून डोळ्याचे चिन्ह दाबून शब्द वाचून पाहावा. राउटरचा शब्द पूर्वी बदलला असल्यास संगणकातील जुनी नोंद विसरावयास लावून नव्याने जोडावे.

जोडणी झाली, असे दिसते. पण पाने उघडत नाहीत, असाही प्रकार घडतो. तेव्हा संगणकाचे घड्याळ पाहावे. दिनांक किंवा वर्ष चुकीचे असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडण्याचे नाकारतात. जोडणीच्या तपशिलात संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरने त्यास पत्ता दिलेला नाही, असे समजावे. संगणक व राउटर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू केल्यास बहुधा काम होते.

तीन पथ्ये

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल वहीत लिहावा; अनेक बदल एकदम केल्यास कशाने गुण आला, हे कळत नाही. राउटरची मांडणी पुसण्याचे बारीक छिद्रातील बटण सेवा पुरविणाऱ्याने सांगितल्यावाचून दाबू नये. राउटरचे नाव, परवलीचा शब्द, ग्राहक क्रमांक व तक्रारीचा दूरध्वनी ही माहिती कचेरीच्या नोंदवहीत कुलपात ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस एवढीच सूचना की, नवा संगणक अर्जाच्या मुदतीपूर्वी निदान आठवडाभर आधी मांडून त्यावर एक अर्ज उघडून पाहावा. पेरणीच्या दिवशी कोणी पाभर दुरुस्त करावयास काढीत नाही. संगणकासही तोच न्याय लावल्यास कचेरीच्या दारातून कोणा खातेदारास रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.