जिथे लिहिता येतं, तिथून चालवता येऊ नये

एकाच सर्व्हरवर पंधरा-वीस जण रिमोट डेस्कटॉपने काम करतात, तेव्हा प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळ्यांत मिळून एकच असते. कुणी नेटवरून उतरवलेला 'फ्री पीडीएफ कन्व्हर्टर' सुरू केला, की बाकीच्यांची कामंही रेंगाळतात. तो रॅन्समवेअर निघाला, तर शेअर केलेल्या फायली सगळ्यांच्याच जातात. "आमच्या युजरना ॲडमिन हक्कच दिलेले नाहीत" एवढ्यावर भागत नाही. क्रोम ॲडमिन पासवर्डाशिवायही युजरच्या ॲपडेटा फोल्डरात बसतो. पोर्टेबल प्रोग्रॅमना तर इन्स्टॉल करायचीही गरज नसते.

डेस्कटॉपवरचे आयकॉन लपवणं ही नुसती सजावट. ग्रुप पॉलिसीत 'ठरावीक प्रोग्रॅमच चालवू द्या' अशी जुनी सोय आहे, पण ती फक्त एक्सप्लोररमधून उघडलेल्या प्रोग्रॅमना लागू होते आणि फाइलचं नुसतं नाव बघते. नाव बदललं, की संपलं.

खरी अडवणूक ॲपलॉकर करतो. विंडोज 7 आणि सर्व्हर 2008 आर2 बरोबर तो आला. फाइल कुठूनही सुरू करा, चालू होण्याआधी तो तीनपैकी एका खुणेवरून तिला जोखतो: डिजिटल सही कोणाची, फाइल कुठल्या फोल्डरात आहे, किंवा तिचा हॅश काय. हॅश सर्वांत काटेकोर, पण प्रत्येक अपडेटला बदलतो. रोज तेच करत बसायची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जावं.

सुरुवात डीफॉल्ट नियमांनी करावी. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरांतलं सगळ्यांना चालेल, ॲडमिनना कुठलंही चालेल. बाकी सगळं आपोआप बंद. यामागचा हिशेब सरळ आहे: त्या दोन फोल्डरांत साध्या युजरला फाइल टाकता येत नाही, आणि जिथे टाकता येते (डाउनलोड्स, डेस्कटॉप, ॲपडेटा) तिथून ती चालत नाही.

गोम आहे ती विंडोज फोल्डरच्या पोटात. त्यातल्या टेम्प, टास्क्स आणि सिस्टम32 मधल्या स्पूल\ड्रायव्हर्स\कलर अशा काही जागी साधा युजरही फाइल ठेवू शकतो. या जागा नियमात अपवाद म्हणून वगळाव्याच लागतात. सिसइंटर्नल्सचं ॲक्सेसचेक हे छोटं टूल अशा जागा शोधून देतं. थेट सी ड्राइव्हवर टाकलेलं जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर हाही असाच घोळ. त्याच्या फोल्डराला परवानगी देण्याआधी तिथे लिहायचे हक्क कुणाला आहेत ते बघावं. बरेचदा सगळ्यांनाच असतात.

नियम एकदम लादू नयेत. आधी 'ऑडिट ओन्ली' ठेवून महिनाअखेरची धावपळ त्यातून जाऊ द्यावी, कारण काही प्रोग्रॅम तेव्हाच बाहेर निघतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 8003 दिसला तर ती फाइल नियम लागू असते तर अडली असती. 8004 म्हणजे खरंच अडली.

मायक्रोसॉफ्टचा कल आता ॲप कंट्रोल फॉर बिझनेसकडे आहे. ते जास्त भक्कम आहे, पण अख्ख्या मशीनला लागू होतं. एकाच सर्व्हरवर अकाउंट्सला एक आणि सेल्सला दुसरं द्यायचं असेल, तर ग्रुपवार नियम घेणारा ॲपलॉकरच सोयीचा.

सगळं लावूनही काहीच अडत नसेल, तर ॲप्लिकेशन आयडेंटिटी ही सर्व्हिस चालू आहे का ते आधी बघा. ती बंद असेल तर नियम नुसते कागदावर राहतात.