शेताचे फाटक आणि गावाची वेस

रब्बीच्या ऐन हंगामात सकाळी विहिरीवर गेलेल्या शेतकऱ्याला मोटारीची केबल कापून नेलेली आढळावी, ही घटना महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आता अपवादात्मक राहिलेली नाही. चोर ती केबल जाळतो, आतले तांबे काढतो आणि भंगाराच्या भावाने विकून टाकतो. त्याच्या पदरात पडते ते थोडे. शेतकऱ्याचे जाते ते मात्र कितीतरी अधिक. नवी केबल त्याला बाजारभावाने घ्यावी लागते, आणि ती जोडली जाईपर्यंत पीक तहानलेले राहते. गव्हाच्या ओंब्या भरण्याच्या वेळी चुकलेली पाण्याची पाळी पुढे दिलेल्या दोन पाळ्यांनी भरून निघत नाही. चोरीच्या मालाची किंमत आणि चोरीने झालेले नुकसान या दोन गोष्टी शेतीत इतक्या भिन्न आहेत, आणि या प्रश्नाचे मर्म याच तफावतीत आहे.

यावर उपाय म्हणून मळ्याच्या किंवा वस्तीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवून ते यंत्रावर चालविण्याकडे सधन शेतकऱ्यांचा कल दिसतो. मोबाईलवरून विहिरीची मोटार चालू-बंद करण्यास सरावलेल्या माणसाला त्याच मोबाईलवरून फाटक उघडण्याचे नवल वाटू नये. शेतीची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते. म्हणून असे फाटक सौर पत्र्यावर भारित होणाऱ्या बॅटरीवर चालविणे सोयीचे पडते. त्याला स्वतःचे सिमकार्ड असते. ठरावीक क्रमांकांवरून फोन आला तरच ते उघडते. वाटेत वासरू किंवा मूल आले तर दार थांबविणारा प्रकाशकिरणांचा डोळा त्यात असावा लागतो, आणि यंत्र बंद पडल्यास हाताने उघडण्याची किल्लीही असावी लागते.

या फाटकाचा उपयोग नेमका कोणता, हे नीट समजून घेतले पाहिजे. ते माणसाला अडवीत नाही. माणूस बांधावरून, ओढ्यातून, उसातून कोठूनही आत येऊ शकतो. ते अडविते वाहनाला. केबल खांद्यावरून नेता येईल, परंतु ट्रॅक्टर, सोयाबीनची पोती किंवा कोठ्यातील गुरे न्यायची तर चाकांचा रस्ता लागतो. चोरीतही वाहतुकीचा खर्च असतो. तो वाढविणे एवढेच फाटकाचे काम. तेही ते नीट बसविले असेल तर. बिजागरीच्या खिळीवर नुसते टांगलेले फाटक दोन माणसे उचलून बाजूला ठेवतात. वरची बिजागरी उलटी बसविली तरच ते जागचे हलत नाही. रिमोटचा संकेत दर वेळी बदलणारा नसेल, तर तो टिपून घेऊन परक्यालाही दार उघडता येते. शिवाय राखणीसाठी बसविलेला सौर पत्रा आणि बॅटरी या स्वतःच चोरीच्या वस्तू आहेत, हेही विसरून चालणार नाही.

परंतु खरी अडचण यंत्राची नसून जमिनीच्या आकाराची आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराकडे ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. फाटकाला अर्थ यावयाचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण हवे. आता एका एकराच्या चौरस तुकड्याचा घेर सुमारे ८३५ फूट भरतो. सोळा एकरांच्या चौरसाचा घेर त्याच्या सोळा पट नव्हे, केवळ चौपट, म्हणजे सुमारे ३,३४० फूट असतो. म्हणजेच लहान शेतकऱ्याला एकरी चौपट लांबीचे कुंपण घालावे लागते. फाटकाचे यंत्र तर एक एकरालाही तेवढेच लागते आणि सोळा एकरांनाही तेवढेच. ज्याचे नुकसान त्याला अधिक जाचते, त्यालाच संरक्षण अधिक महाग पडते.

त्यातच बहुतेकांची जमीन दोन-तीन गटांत विखुरलेली असते, आणि तिकडे जाणारी वाट पाणंदीची किंवा शेजाऱ्याच्या बांधावरची असते. वहिवाटीच्या रस्त्यावर फाटक घालून कुलूप लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानुसार तहसीलदाराला असा अडथळा दूर करता येतो. तेव्हा चोरीचे प्रकरण मिटविण्यासाठी घातलेले फाटक भाऊबंदकीचे नवे प्रकरण उभे करण्याचीच शक्यता असते. शिवाय एकाने फाटक घातले म्हणून चोर चोरी सोडीत नाही, तो शेजारच्या मळ्यात जातो. एकाची सुरक्षितता अशा रीतीने दुसऱ्याची असुरक्षितता बनते. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोचे भाव भडकले, तेव्हा शेतात कॅमेरे बसविल्याच्या बातम्या झळकल्या. पण ज्याला कॅमेरा परवडला नाही त्याच्या टोमॅटोचे काय झाले, हे त्या बातम्यांत नव्हते.

राखण ही मुळात एकट्याने करण्याची बाब नव्हतीच. जुन्या गावाला एक वेस होती आणि तिची राखण हा गावाचा सामायिक खर्च होता. तो बलुत्याच्या धान्यात दिला जाई. जागल्या, रामोशी, वेसकर यांनी रात्री जागावे आणि चोरी झालीच तर माग काढावा, अशी ती व्यवस्था होती. तिचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. जो वेसकर रात्री वेस लावून घेई, त्याचे स्वतःचे घर त्या वेशीबाहेर होते. जन्माने लादलेल्या या चाकरीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. ती रद्द झाली हे योग्यच झाले. चूक झाली ती पुढे. अन्याय्य व्यवस्था गेली, पण तिच्या जागी पगार आणि प्रतिष्ठा असलेली नवी सामायिक राखण आपण उभी केली नाही. तो खर्च नकळत एकेका शेतकऱ्याच्या माथी आला, आणि त्यालाच आपण आज आधुनिकीकरण म्हणतो.

शासनाकडे बोट दाखविले तर तेथेही हिशेब मालाच्या किमतीचाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे आणि असा गुन्हा अदखलपात्र ठरविला आहे. पोटासाठी चोरी करणाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद माणुसकीची आहे, यात शंका नाही. पण चार हजारांच्या केबलीमागे जळालेले पीक त्या पाच हजारांच्या मोजपट्टीत बसत नाही.

यातून मार्ग सामायिकच असू शकतो. दहा-बारा घरांच्या वस्तीने आपसांत लेखी संमती करून सामायिक आवाराला एकच फाटक घालावे, त्याचा खर्च एकरी वाटून घ्यावा आणि वहिवाटीची वाट मोकळी ठेवावी. एका क्रमांकावरून सर्व गावाला एकाच वेळी निरोप पोचविणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा अनेक ठिकाणी रुजली आहे; फाटकावरच्या कॅमेऱ्याची सूचना तिला जोडली तरच कॅमेऱ्याला अर्थ. पाहणारा कोणी नसेल तर कॅमेरा फक्त चोरी कशी झाली एवढेच दाखवितो. मोटारीवर आणि यंत्रांवर मालकाची खूण कोरून ठेवावी, आणि जळक्या तांब्याच्या खरेदीची नोंद भंगारवाल्याकडून काटेकोरपणे घेतली जावी. चोरीला गिऱ्हाईक आहे तोवर पुरवठा आटणार नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. आणि रात्री जागणारा माणूस ठेवावयाचा तर त्याला ग्रामपंचायतीने पगार द्यावा, उपकार म्हणून पसाभर धान्य नव्हे.

यंत्राचे फाटक वाईट नाही. फक्त ते वेशीची जागा घेऊ शकत नाही. ज्या गावात प्रत्येकाने आपापले फाटक लावून घेतले आहे आणि शेजाऱ्याच्या हाकेला दार उघडत नाही, त्या गावात चोराला घाई करण्याचे कारण उरत नाही.