नळ, बोअर की जार? आधी फ्लोराईड तपासा, मग पैसे खर्च करा



आज फवारणीचा विषय नाही, घरातल्या पिण्याच्या पाण्याचा आहे. बऱ्याच घरी आता जार सुरू झालाय. "जार घेतो, म्हणजे फ्लोराईडची काळजी मिटली ना?" असं सभासद विचारतात. उत्तर: जारात पाणी कुठलं आहे आणि ते कसं शुद्ध केलंय, यावर ते ठरतं.

*फ्लोराईड येतं कुठून?*
खडकातून. पाणी जितकं खोल आणि जितका जास्त काळ खडकात राहिलेलं, तितकं त्यात फ्लोराईड जास्त असण्याची शक्यता. म्हणून एकाच गावात उथळ विहिरीचं पाणी चांगलं आणि खोल बोअरचं खराब, असं होतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांत हा त्रास असलेली गावं आहेत. फ्लोराईडला रंग, वास, चव काहीच नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी खात्री नाही.

*किती चालतं?*
भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे नको. अहवालात 'पीपीएम' लिहिलं असेल तर आकडा तोच समजा.

थोडं फ्लोराईड दातांना उपयोगी असतं. अमेरिकेत १९४५ पासून अनेक शहरांत ते नळाच्या पाण्यात मुद्दाम मिसळतात. म्हणून "बाटलीच्या पाण्यात फ्लोराईड कमी, नळाचंच प्या" हा सल्ला तिकडचा आहे. आपल्या पट्ट्यात अडचण उलटी आहे, जास्तीची.

*जास्त झालं तर?*
८ वर्षांखालच्या मुलांचे पक्के दात हिरडीत तयार होत असतात. त्या वयात जास्त फ्लोराईड गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, ते घासून जात नाहीत. मोठ्यांमध्ये वर्षानुवर्षं साठून मान, पाठ, गुडघे आखडतात. एकदा हाडात बसलेल्यावर खात्रीचा इलाज नाही. पाणी बदलणे हाच उपाय, आणि तो जितका लवकर तितका बरा.

*कोणतं पाणी कसं?*
🔹 *नळ:* योजना धरणावर किंवा नदीवर असेल तर फ्लोराईड सहसा कमी. योजनेची टाकी बोअरवर भरत असेल तर नळाला येतं ते बोअरचंच पाणी. क्लोरीनने जंतू मरतात, फ्लोराईड कमी होत नाही.
🔹 *बोअर, हातपंप:* तपासल्याशिवाय भरवसा नको. शेजारच्या बोअरचा अहवाल आपल्याला लागू होत नाही.
🔹 *उथळ विहीर:* फ्लोराईड बहुधा कमी, पण जंतूंचा धोका जास्त. उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्यावे.
🔹 *थंड पाण्याचा जार:* प्लँटमध्ये आरओ चालू असेल तर फ्लोराईड बरंच कमी होतं. नुसतं गाळून आणि गार करून दिलं असेल तर ते तुमच्याच गावचं बोअरचं पाणी, फक्त विकत घेतलेलं. जारवाल्याला पाण्याचा अहवाल मागा. मागायला लाजू नका.
🔹 *सीलबंद बाटली:* यात फ्लोराईडची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. सील आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा. प्रवासाला ठीक, रोजच्या घरखर्चात परवडणारं नाही.

*हे गैरसमज काढून टाका*
❌ उकळल्याने फ्लोराईड जात नाही. पाणी आटतं, त्यामुळे प्रमाण उलट थोडं वाढतं.
❌ साधा कँडल फिल्टर, यूव्ही, नुसती तुरटी यांचा भरवसा धरू नका.
❌ टीडीएस मीटर फ्लोराईड दाखवत नाही. टीडीएस कमी असूनही फ्लोराईड जास्त असू शकतं.
✅ आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर काम करतो, पण वेळेवर देखभाल हवी. आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं. ते जनावरांना पाजू नका, त्यांच्याही दात-हाडांवर परिणाम होतो.

*सगळ्यात मोठी चूक*
प्यायला जार, आणि वरण, भात, चहा मात्र बोअरच्या पाण्यात! ते फ्लोराईड शिजून पोटातच जातं. स्वयंपाकालाही चांगलंच पाणी वापरा. अंघोळ, धुणं-भांडी बोअरच्या पाण्यावर चालेल.

*हिशेब करून बघा*
पाच माणसांच्या घरात पिणं आणि स्वयंपाक धरून रोज साधारण २० लिटर लागतं, म्हणजे एक जार. जार ३० रुपयांना धरला तर महिन्याला ९०० आणि वर्षाला १०,९५० रुपये. एवढा खर्च करण्याआधी एक तपासणी करून घ्या. पाणी चांगलं निघालं तर हे पैसे वाचतील. खराब निघालं तर निदान योग्य ठिकाणी खर्च होतील.

पावसाच्या पाण्यात फ्लोराईड जवळजवळ नसतं. २.४ मिलिग्रॅमच्या पाण्यात तेवढंच पावसाचं पाणी मिसळलं तर प्रमाण १.२ वर येतं. पत्र्यावरचं किंवा स्लॅबवरचं पाणी साठवायचं असेल तर पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ द्या, आणि ते पाणीही उकळूनच प्या.

*नमुना असा घ्या*
१. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली घ्या. काचेची नको.
२. मोटर किंवा हातपंप ५ ते १० मिनिटं चालू ठेवा.
३. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, मग भरून घट्ट बंद करा.
४. नाव, गाव, स्रोत, बोअरची खोली आणि तारीख लिहा.
५. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. "फ्लोराईड आणि नायट्रेट दोन्ही बघा" असं सांगा. जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी असते, ती तिथूनच घ्या.

उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी करावी. अहवाल आला की त्याचा फोटो आपल्या कंपनीच्या ऑफिसला पाठवा. एका गावचे चार-पाच अहवाल एकत्र झाले की ग्रामसभेत पाण्याचा स्रोत बदलायची मागणी जोर धरते. एकट्याने जार घेऊन आपलं घर सुटतं, शाळेतल्या हातपंपावर पाणी पिणारी पोरं नाही सुटत.

माती परीक्षण केल्याशिवाय आपण खत टाकत नाही. पाण्याचंही तसंच. 🙏