सौर कृषिपंप आणि विहिरीचे पाणी

विजेच्या रात्रपाळीत, विंचूकाट्याचे भय मनात ठेवून, बॅटरीच्या उजेडात पिकास दारे धरणे किती जाचाचे असते, हे ढोकी परिसरातील शेतकऱ्यास सांगावयास नको. सौर कृषिपंपाने हा जाच चुकतो. पंप दिवसा उन्हावर चालतो व वीजबिल येत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठरविण्यात आला. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा व पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण आहे.

परंतु ऊन फुकट असले तरी पाणी फुकट नाही. डिझेलचा खर्च हा उपशावरील एक लगाम होता. सौरपंपाने तो सुटतो. येथील काळ्या पाषाणात पाणी भेगांत व मुरमात साठते आणि तो साठा बेताचाच असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी नेणारी रेल्वेगाडी ढोकीवरूनच गेली. अशा मुलखात दिवसभर पंप चालू ठेवून उसाचे क्षेत्र वाढविणे धोक्याचे आहे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावी यावर एक उपाय निघाला. तेथील सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी स्थापून २०१६ मध्ये सौरपंपांची शिल्लक वीज तारांवर देऊन विकण्यास आरंभ केला. अकारण उपसा केला तर विक्रीचे पैसे बुडतात. साहजिकच काम संपताच पंप थांबतो. तेरणा सहकारी साखर कारखान्याच्या गावास सहकार नवा नाही. मात्र वरील योजनेतील पंप तारांशी जोडलेले नसतात. तेव्हा लगाम शेतकऱ्यानेच धरावयाचा आहे.

त्यासाठी अर्ज करण्यापूर्वी, वैशाखात, विहिरीची परीक्षा करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात साह्य द्यावे. सायंकाळी उपसा थांबवून गाठी मारलेल्या दोरीने पाण्याची पातळी पाहावी व सकाळी पुन्हा पाहावी. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत पाणी एक फूट चढले, म्हणजे सुमारे ८,९०० लिटर आले. तीन फूट चढले, तर तेवढ्यात दहा गुंठ्यांवर एक इंच पाणी बसते. उन्हाळी पिकाचे क्षेत्र या हिशेबाने ठरवावे, पंपाच्या अश्वशक्तीवरून नव्हे.