गॉल्गीतली कात्री

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं नवापूर स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पण हे गाव देशभर पोचलं ते कोंबड्यांमुळे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतात पहिल्यांदाच बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झालं, ते नवापूरच्या पोल्ट्रींमधून भोपाळच्या प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यांवरून. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो तिथे परत आला. दोन्ही खेपांना लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

त्या दिवसांच्या बातम्यांत खड्डे, पांढरे पोशाख आणि अंड्यांचे कोसळलेले भाव आहेत. प्रत्यक्ष घटना मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या जागेत घडली होती, कोंबडीच्या एकेका पेशीत.

केंद्रक, तंतुकणिका, रायबोझोम ही नावं आठवी-नववीच्या पुस्तकात सगळ्यांनी पाठ केलेली असतात. अंड्यांच्या, म्हणजे लेअर पोल्ट्रीतल्या माणसाच्या हातात तर रोज हजारो पेशी येतात, कारण अफलित अंड्यातला पिवळा बलक ही एकच पेशी असते. अंडं फोडून वाटीत काढलं की बलकावर एक फिकट पांढरा ठिपका दिसतो. केंद्रकातला आनुवंशिक मजकूर त्या ठिपक्यात असतो. बाकीचा पिवळा साठा म्हणजे पिल्लासाठीची शिदोरी. बलक ज्या पातळ पडद्यामुळे गोळा राहतो, त्याच्या आतल्या बाजूला पेशीचं स्वतःचं प्रद्रव्यपटल असतं. नुसत्या डोळ्यांनी पाहता येणारी पेशी यापेक्षा सहज कुठे मिळणार नाही.

कोंबडीच्या श्वासनलिकेतल्या पेशी याच घडणीच्या, फक्त फार लहान. बर्ड फ्लूचा विषाणू त्यांच्याहून शंभरपट बारीक. स्वतःचं असं त्याच्याकडे जवळजवळ काही नाही: आरएनएचे आठ तुकडे, थोडी प्रथिनं आणि वर स्निग्ध आवरण. ऊर्जा तयार करायला तंतुकणिका नाहीत, प्रथिनं बनवायला रायबोझोम नाहीत. म्हणून तो पेशीचं एकेक अंगक वापरत पुढे जातो. प्रद्रव्यपटलावरच्या सायलिक आम्लाला तो चिकटतो, आणि पेशी त्याला पडद्याच्या पिशवीत गुंडाळून आत घेते. आत घेतलेल्या मालाची पिशवी आम्लधर्मी करायची हा पेशीचा नेहमीचा शिरस्ता. त्या आम्लानेच विषाणूचं आवरण पिशवीच्या पडद्याशी जुळतं आणि आरएनए बाहेर पडतो. तो थेट केंद्रकात शिरतो आणि तिथे त्याच्या नकला निघतात. रायबोझोम त्या नकलांबरहुकूम प्रथिनं बनवू लागतात. हुकूम कोणाचा हे तपासायची सोय त्यांच्याकडे नसते.

खरा घात पुढच्या टप्प्यावर होतो, गॉल्गी संकुलात. आंतर्द्रव्यजालिकेतून आलेल्या प्रथिनांवर शेवटचा हात फिरवून ती रवाना करणं हे गॉल्गीचं काम. तिथे फ्युरिन नावाचं विकर आहे, एक कात्रीच. पेशीची स्वतःची कित्येक प्रथिनं या कात्रीने ठरावीक जागी कापली गेल्याशिवाय कामाला लागत नाहीत. विषाणूच्या अंगावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचंही तेच. कापलं गेल्याशिवाय ते निकामी असतं. सौम्य फ्लूच्या हिमॅग्लुटिनिनवर फ्युरिन चालत नाही. ते कापणारी विकरं मुख्यतः श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात, त्यामुळे आजार तिथेच अडतो. बर्ड फ्लूच्या एच५एन१ या घातक वाणात मात्र कापायच्या जागी काही जादा अमिनो आम्लं येऊन बसली आहेत आणि ती फ्युरिनला ओळखू येतात. फ्युरिन तर जवळपास प्रत्येक पेशीत असतं. मग हृदय, मेंदू, स्वादुपिंड, काहीच सुटत नाही. सकाळी खाद्य टिपणारी कोंबडी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मरून पडलेली असते.

२००६ मध्ये नवापुरात मर सुरू झाली तेव्हा आधी रानीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाचा संशय आला. तो गैर नव्हता. रानीखेतचा जहाल विषाणूही याच फ्युरिनकडून स्वतःचं प्रथिन कापून घेतो. पिल्लांना दिल्या जाणाऱ्या रानीखेतच्या लासोटा लशीतल्या विषाणूत फ्युरिनला ओळखू येणारी खूण नसते, म्हणून ती लस पचते.

नवापूरच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या मिरचीला विषाणूचा असा हल्ला वेगळ्या वाटेने सोसावा लागतो. वनस्पतीच्या पेशीत हरितलवकं आणि मोठी रिक्तिका तर असतातच, पण प्रद्रव्यपटलाबाहेर सेल्युलोजची टणक पेशीभित्तिकाही असते. मिरचीवरच्या चुरडा-मुरडा रोगाच्या विषाणूला ती स्वतः ओलांडता येत नाही. पांढरी माशी रस शोषायला सोंड खुपसते तेव्हा त्याला वाट मिळते. एकदा आत गेला की शेजारच्या पेशीत तो भिंतीतल्या सूक्ष्म वाटांनी जातो. म्हणून मिरचीवाला पांढऱ्या माशीच्या मागे लागतो.

प्राणिपेशीला भित्तिका नसते, आणि अडचणी इथूनच सुरू होतात. फ्युरिन बंद पाडावं तर कोंबडीचीच कामं अडतात. केंद्रक, रायबोझोम यांचंही तेच. म्हणजे अडवायचं ते शेडच्या दारातच: पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी, गाडीच्या चाकांवर फवारा, रानपाखरं येऊ नयेत म्हणून जाळी. विषाणूचं आवरण पेशीच्याच स्निग्ध पडद्यातून फाडून घेतलेलं असल्याने साबणाने ते विरघळतं, ही जमेची बाजू. पण नवापूर परिसरात पोल्ट्र्या एकमेकींना लागून आहेत. खाद्याच्या गाड्या, अंड्यांचे ट्रे आणि माणसं या शेडमधून त्या शेडमध्ये जात राहतात. शेजाऱ्याने हयगय केली तर काटेकोर राहणाऱ्याच्याही कोंबड्या जातात.

लशीचा मार्ग चीनने कधीच धरला. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस टोचायला सुरुवात केली. पण लस घेतलेला पक्षी आजारी न दिसताही विषाणू बाळगू शकतो, म्हणून सतत नमुने तपासावे लागतात आणि निर्यातीलाही अडथळे येतात. भारतात या घातक फ्लूवर मुख्य उपाय अजूनही पक्षी मारणं हाच आहे. २०२१ मध्ये आठ आठवड्यांवरच्या अंड्यांच्या कोंबडीमागे ९० रुपये भरपाई ठरली होती. शेड धुऊन, तपासण्या होऊन नवी पिल्लं आणायची परवानगी मिळेपर्यंत काही महिने जातात, आणि त्या पिल्लांनी पहिलं अंडं द्यायला पुढचे अठरा ते वीस आठवडे. तेवढा काळ खाद्याचं बिल आणि कर्जाचा हप्ता चालूच राहतो.